अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी

मार्चमध्ये इलेक्ट्रिक गाडी घेतली. पोर्चमध्ये बोअरच्या मोटारीसाठी बसवलेला पंधरा अँपचा सॉकेट होताच, त्यालाच चार्जर लावायला लागलो. महिनाभर सगळं सुरळीत होतं. एप्रिल संपता संपता, लातूरचा उन्हाळा भरात आला तेव्हा, चार्जरच्या डब्यावर लाल दिवा लागला आणि चार्जिंग बंद पडलं. पुस्तिकेत बघितलं तर अर्थिंगचा दोष.

नेहमीचा वायरमन आला. सॉकेट उघडून दोन मिनिटांत म्हणाला, "सर, न्यूट्रल अन् अर्थिंगमध्ये वायरचा एक तुकडा टाकतो, दिवा हिरवा होतोय बघा." झालाही. मी तर खूश! संध्याकाळी आयटीआयमध्ये शिकवणारा मेहुणा आला, त्यानं तो तुकडा बघितला आणि चहाचा कप खाली ठेवला. "दाजी, हे आधी काढा. वावटळीत पोलवरचा न्यूट्रल तुटला, की फेज घरातल्या पंख्या-दिव्यांतून फिरून या तुकड्यावाटे थेट गाडीच्या पत्र्यावर येणार. दाराला हात लावला की संपलं." आमच्या गल्लीत वावटळीत तार तुटणं काही नवलाचं नाही. मला घाम फुटला.

तुकडा काढून त्यानं मीटर लावला. फेज-न्यूट्रल 228 व्होल्ट, ठीक. फेज-अर्थ तेवढंच यायला हवं, ते 150च्या आसपास. घरामागं जाऊन बघितलं तर काळ्या मातीला भेगा पडलेल्या आणि अर्थिंगच्या पाईपभोवती बोट जाईल एवढी फट. बांधकामाच्या वेळी कोळसा-मीठ टाकलं होतं, त्यानंतर तिकडं कुणी फिरकलंच नव्हतं. माती आकसून पाईपपासून सुटली होती. चार बादल्या ओतल्यावर आकडे सुधारले, दोन दिवसांत परत तेच.

शेवटी नवा खड्डा घेतला. आठ फुटांवर मुरूम लागला. तांब्याचा मुलामा दिलेला रॉड उभा केला, भोवती बेंटोनाइटची भुकटी कालवून भरली, ती ओल धरून ठेवते. अर्थ टेस्टरवर खड्ड्याचा रोध (रेझिस्टन्स) 3.2 ओहम आला. पाचच्या आत हवा, म्हणाला मेहुणा.

मग सॉकेट बदलायला काढला, तर पिनेच्या भोकाभोवती प्लास्टिक तपकिरी पडलेलं. मोटार अर्धा तास चालते. गाडी मात्र 3.3 किलोवॅटनं, म्हणजे चौदा-पंधरा अँप, रात्रभर ओढते. जरासा सैल स्क्रूही तापत राहतो. मीटरपासून वेगळी 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आणि 30 मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) बसवली. दुकानदार एसी प्रकारची देत होता, मेहुण्यानं हट्टानं ए प्रकारची घेतली. गाडीच्या चार्जरमधून डीसीकडं झुकणारी गळती होऊ शकते, ती एसी प्रकारच्या आरसीसीबीला कळेलच असं नाही. मंजूर लोड दोनाचा पाच किलोवॅट करून घ्यायला ऑनलाइन अर्ज केला, ते काम त्यामानानं सोपं निघालं.

खर्चापेक्षा जास्त बोलणी खाल्ली ती खड्ड्यात ओतायच्या पाण्यावरून. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा या शहरात घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली आमची ही म्हणाली, "अहो, माणसांना पाणी नाही अन् तुम्ही मातीला पाजताय?" तोडगाही तिनंच काढला. आरओचं वाया जाणारं खारट पाणी आता नळीनं त्या खड्ड्यात जातं.