सिरपूरची जलपर्णी: बघायला जाणाऱ्यांसाठी

धार रोडवरचा सिरपूर तलाव इंदूरकरांना पक्ष्यांमुळे माहीत. होळकरांनी बांधलेला. इंदूरचे पक्षिप्रेमी भालू मोंढे आणि त्यांच्या सोबत्यांनी चिकाटी सोडली नाही म्हणून टिकला, आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेला. आम्ही भिशीतल्या बायका मात्र गेलो ते जलपर्णी बघायला. आसामात गुवाहाटीजवळच्या दीपोर बील तलावाच्या काठच्या कोळी कुटुंबांतल्या मुलींनी तिच्या वाळलेल्या देठांच्या योगासनाच्या चटया विणल्या, हे कळल्यापासून आमच्यातल्या एकीने टोपल्यांचा ध्यासच घेतला होता.

काठावर उभं राहून नीट पाहिलं तर देठ सगळे सारखे नसतात. मोकळ्या पाण्यावर सुट्या वाढलेल्या रोपांचे देठ आखूड आणि फुगीर, ते विणायला निरुपयोगी. दाटीत वाढलेल्यांचे लांब, सरळ. आणि जलपर्णीची अशी दाटी होते ती सांडपाण्याचा खुराक मिळतो तिथे! त्यामुळे हातमोजे आणि गमबूट न्याच. पाण्यात स्वतः उतरू नका; नावाडी आणि गळ लावलेला बांबू हवा. रामसर स्थळ आहे, काहीही काढण्याआधी परवानगी घ्या. पावसाळ्यात तर हातच लावू नका. कमलपक्षी तरंगत्या पानांवरच अंडी घालतात.

हिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. शंभर किलो काढली तर वाळून पाच-सात किलो उरते. टेम्पो सांगून ओली जलपर्णी घरी आणणं म्हणजे पाण्याचं भाडं भरणं. काठापासून लांब, कोरड्या जागी पसरून वाळवा, मग उचला.

खतासाठी मुळं कापून टाका, सांडपाण्यातले जड धातू तिथेच जास्त साठतात. आधी कोमेजू द्या, नाहीतर ढिगातच पुन्हा फुटते. फुलं आलेली रोपं टाळा, बी चिवट असतं. शेण आणि सुका पाला यांचे थर, अधूनमधून उलथापालथ, दोन-तीन महिन्यांत खत तयार. ते मोगऱ्याला, जास्वंदीला घाला. मेथी-पालकाला नको, निदान पाण्याची तपासणी झाल्याशिवाय तरी.

जायचं तर हिवाळ्यात, सकाळी, पक्षीही दिसतात. गंगवाल बसस्टँडकडून धार रोडने जाता येतं. पोहे-जलेबी आधीच उरकून निघा.

आम्ही सध्या खतावरच थांबलोय. टोपल्याच करायच्या असतील त्यांनी एप्रिलचं कडक ऊन साधावं. अर्धवट वाळलेल्या देठाला पावसाळ्यात बुरशी धरते आणि विणलेलं सगळं फेकावं लागतं.