तुम्ही विचारलंत म्हणून: अठराव्या वर्षीच सर्किटवर का गेलो नाही?

"अमेरिकेतल्या महाविद्यालयात चार वर्षे घालवण्याऐवजी अठराव्या वर्षीच व्यावसायिक टेनिसच्या सर्किटवर (देशोदेशीच्या बक्षिसाच्या स्पर्धांच्या मालिकेत) उतरला असतास, तर आज कुठे असतास?" हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारला आहे, मुलांना टेनिसमध्ये पुढे न्यायला निघालेल्या पालकांनी विचारला आहे आणि कधीही महाविद्यालयात न गेलेल्या प्रतिस्पर्ध्यांनीही विचारला आहे. दरवेळी मी दोन वाक्यांत उत्तर देतो आणि ते अपुरे पडते, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

प्रश्नाच्या जोडीला उदाहरणे येतातच. भारताच्या सोमदेव देववर्मनने 2007 आणि 2008 मध्ये लागोपाठ अमेरिकी महाविद्यालयीन एकेरीचे विजेतेपद मिळवले आणि 2009 च्या आरंभी वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी क्रमवारी न पाहता दिलेल्या प्रवेशावर, खेळून चेन्नईच्या व्यावसायिक स्पर्धेत अंतिम फेरी गाठली. 2007 च्या त्या अंतिम सामन्यात त्याच्याकडून हरलेला अमेरिकेचा जॉन इस्नर त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेला. ही उदाहरणे मीही स्वतःला देत असे. परंतु ते दोघे महाविद्यालयीन टेनिसच्या शिखरावर होते आणि मी संघात चौथ्या क्रमांकावर एकेरी खेळत होतो. अशा खेळाडूला पदवीनंतर कोणी वाइल्ड कार्ड देत नाही. तो सर्वांत खालच्या, एकूण पंधरा हजार डॉलर बक्षिसाच्या स्पर्धांच्या पात्रता फेरीपासून सुरुवात करतो. तेथे मुख्य फेरीचा पहिला सामना हरणाऱ्याला सुमारे दीडशे डॉलर मिळतात आणि जागतिक क्रमवारीचा गुण एकही मिळत नाही. तो जिंकला, तर एक गुण मिळतो आणि तोही 52 आठवड्यांनी गळून पडतो. अठराव्या वर्षी माझा प्रवास, निवास आणि रॅकेटच्या तारा यांचा खर्च कोण करणार होते, हे मला तो प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कोणीही आजवर सांगितलेले नाही.

खर्चाचे हे उत्तर खरे आहे, पण ते पुरेसे नाही. पदवीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात अशाच एका स्पर्धेत पात्रता फेरी पार करून मी मुख्य फेरीत आलो आणि पहिल्याच सामन्यात तिसऱ्या सेटमध्ये 5-4 अशा आघाडीवर सामना जिंकण्यासाठी सर्व्हिस करत होतो. प्रतिस्पर्धी माझ्याहून लहान होता. त्याची सर्व्हिस साधारण होती, पण तो प्रत्येक चेंडू परतवत होता. गेम ड्यूसवर, म्हणजे 40-40 अशा बरोबरीवर गेला. महाविद्यालयीन टेनिसमध्ये ड्यूसनंतर एकच गुण खेळतात आणि तो जिंकणाऱ्याचा गेम होतो. त्या एका गुणासाठी मी चार वर्षे एक डाव घोटला होता: बाहेर जाणारी सर्व्हिस करायची आणि तिच्यामागोमाग नेटवर धावायचे. तो डाव साधला, पण येथे त्या डावाने मला फक्त अ‍ॅडव्हांटेज मिळाला, म्हणजे गेमसाठी आणखी एक गुण हवाच होता. पुढचा गुण प्रतिस्पर्ध्याने घेतला आणि पुन्हा ड्यूस झाला. मी पुन्हा तसाच गुण मिळवला आणि त्याने पुन्हा बरोबरी साधली, असे होत राहिले. हळूहळू तो आधीच बाहेर सरकून उभा राहू लागला.

त्या गेममध्ये दोन गुणांच्या मध्ये माझी नजर शेजारच्या कोर्टाकडे गेली. ही महाविद्यालयातली सवय होती. तेथे दोन संघांच्या लढतीत दुहेरीच्या तीन सामन्यांचा मिळून एक गुण आणि एकेरीच्या सहा सामन्यांचे सहा गुण असतात. चार गुण होताच लढतीचा निकाल लागतो आणि उरलेले सामने बहुधा तेथेच थांबवले जातात. त्यामुळे सहकाऱ्यांचे गुणफलक वाचून आपला सामना संघाला अजून हवा आहे का, हे प्रत्येक जण सतत पाहत असतो. येथे शेजारी दोन अनोळखी खेळाडू होते आणि जाळीपाशी कोर्ट रिकामे होण्याची वाट पाहणारा एक जण उभा होता. मी जिंकलो काय आणि हरलो काय, त्या आवारात कोणाचेही काही बदलणार नव्हते. शेवटच्या हंगामात एकदा संघ 3-3 असा बरोबरीत असताना सर्वांच्या नजरा माझ्या सामन्यावर होत्या आणि हा भार फक्त माझा असता तर मी मोकळेपणाने खेळलो असतो, असे मला तीव्रतेने वाटले होते. आता तो भार फक्त माझा होता आणि माझे पाय जड झाले. मी सर्व्हिसचा तो गेम गमावला आणि तो सेट 7-5 असा हरलो.

याचा अर्थ महाविद्यालयाने मला कमकुवत केले, असा कृपया काढू नका. माझा बॅकहँड तेथेच घडला. प्रशिक्षक, फिजिओ आणि व्यायामशाळा यांपैकी एकही गोष्ट मला सर्किटवर स्वतःच्या पैशाने परवडली नसती. पहिल्या शंभरांतील बहुतेक खेळाडू आज पंचविशीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. बाविसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला उशीर झाला, असे मी मानत नाही. मात्र पदवी घेताना मी स्वतःला जे सांगितले होते, की सांघिक दडपण सोसलेल्याला एकट्याचे दडपण सोपे जाईल, ते मला आता मान्य नाही. ती दोन वेगळी दडपणे आहेत आणि एकाची सवय दुसऱ्याच्या कामी येतेच असे नाही.

असे असूनही अठराव्या वर्षीचा मी एक हंगामसुद्धा टिकलो नसतो, असे मी ठामपणे म्हणतो. त्यावर एका खेळाडूने मला सांगितले की, ज्याने संघ कधी पाहिलाच नाही त्याला संघाची उणीवही भासली नसती, त्याने त्या 5-4 च्या गेममध्ये शेजारी पाहिलेच नसते आणि कदाचित तो गेम जिंकला असता. त्याचे हे म्हणणे मला अजून खोडता आलेले नाही.