कोपनहेगनची नोंद: उलटं पेडल आणि डावं वळण

आजची नोंद ब्रेकपासून. इथल्या बऱ्याच सायकलींना मागच्या ब्रेकची मूठ हँडलला नसतेच. तो ब्रेक मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, असतो आणि पेडल उलटं दाबलं की लागतो. सिग्नलजवळ येताना पेडल मागे गरागरा फिरवायची आपली सवय इथे नडते. चाक जागीच आवळतं आणि मागून येणारा सायकलवाला अंगावर येतो. शिवाय थांबल्यावर पेडल हवं तिथे फिरवता येत नाही. त्यामुळे पुढे मारतानाच एक पेडल वर आणून ठेवायचं आणि शेवटचे दोन-तीन मीटर हाताच्या ब्रेकवर घ्यायचे. चेन पडली तर मागचा ब्रेकही गेला, उरतो फक्त पुढचा. म्हणून भाड्याची सायकल घेताना सीटच्या आधी चेन किती सैल आहे ते बघावं.

वाहतूक उजव्या बाजूने. सायकलींची पट्टी रस्त्याहून एक पायरी वर, फुटपाथहून एक पायरी खाली. उजवी कड धरायची, ओव्हरटेक डावीकडून. थांबण्याआधी हात वर करायचा. हात न दाखवता थांबलेला पाहुणा हीच इथल्या गर्दीतली खरी अडचण.

डावं वळण दोन टप्प्यांत. गाड्यांच्या लेनमध्ये शिरून वळायला सायकलींना मनाई आहे. चौक सरळ ओलांडायचा, पलीकडच्या कोपऱ्यावर उजव्या कडेला थांबून सायकल डावीकडे फिरवायची आणि त्या रस्त्याचा सिग्नल हिरवा झाला की निघायचं. लाल दिव्यावर उजवीकडेही वळायचं नाही, तशी मुभा देणारी खास पाटी असेल तरच वळायचं.

नॉरेब्रोगेड या मोठ्या रस्त्यावर सिग्नल ताशी २० किलोमीटरला जुळवलेत, सकाळी शहराकडे, दुपारनंतर बाहेर. त्याच वेगाने गेलं तर हिरवे मिळत जातात. रमतगमत जाणाऱ्याला मात्र लालच भेटतात. त्याने ही वेळ टाळावी. बसथांब्यावर वेगळा चौथरा नसेल तर प्रवासी थेट सायकलपट्टीवर उतरतात. तिथे थांबायचं, घंटी वाजवत घुसायचं नाही.

२०१४ चा नारिंगी सायकेलस्लांगन पूल फक्त सायकलींसाठी आहे, पायी जाणारे खालून. चढ असा या शहरात नाहीच, पण बंदराकाठचा वारा घाटाची कसर भरून काढतो. समोरून आला तर खुशाल एस-ट्रेन, म्हणजे इथली लोकल, पकडावी. सायकलीचं चित्र असलेल्या डब्यात सायकल फुकट जाते. मेट्रोत तिचं वेगळं तिकीट लागतं.