दारुकावनातले जागेश्वर

हिंगोली जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला बारा ज्योतिर्लिंगांचे स्तोत्र म्हणताना ‘नागेशं दारुकावने’ या शब्दांपाशी औंढा नागनाथच डोळ्यांसमोर येतो. श्रावणी सोमवारी औंढ्याच्या तळघरासारख्या गाभाऱ्यात अंग चोरून उतरताना, दारुकावन ते हेच, याविषयी आमच्या घरात कुणाला कधी शंका आली नव्हती. या नागेशावर द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातल्या कुमाऊंमधले जागेश्वर यांचाही तितक्याच श्रद्धेने हक्क सांगितला जातो, हे मला फार उशिरा कळले. गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस जागेश्वरला जाण्याचे खरे कारण तेवढेच होते.

काठगोदामला रेल्वे संपते. तिथून घाटरस्त्याने अल्मोडा, आणि अल्मोड्याहून आणखी सुमारे ३५ किलोमीटर. आरतोला येथे मुख्य रस्ता सोडून आमची जीप जटागंगेच्या खोऱ्यात वळली आणि भर दुपारी एकाएकी सावली पडली. तोवर डोंगरांवर चीडची, म्हणजे पाइनची, विरळ, उन्हात तापलेली झाडे दिसत होती. इथे मात्र दोन्ही अंगांनी देवदार इतके दाट उभे होते की आकाशाची केवळ एक पट्टी उरली होती. देवदाराचे संस्कृत नाव देवदारु. दारुकावन हा शब्द मी आजवर शेकडो वेळा उच्चारला असेन, पण त्यात खरोखरीचे झाड असू शकते, हे तिथे पहिल्यांदा जाणवले.

गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १८७० मीटर उंचीवर, एका रस्त्याच्या कडेने वसलेले आहे. त्याच रस्त्याला लागून, ओढ्याच्या काठी, दगडी प्राकारात शंभराहून अधिक लहानमोठी देवळे एकमेकांना खेटून उभी आहेत. ही सातव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानची बांधकामे. काही देवळे पाच-सहा मजली घराएवढी, तर काही इतकी लहान की आतल्या पिंडीवर फूल वाहायला बाहेरूनच हात घालावा लागतो. मोठ्या देवळांच्या दगडी शिखरांवर लाकडी छत्रे आहेत. मुख्य जागेश्वराच्या दाराशी नंदी आणि स्कंदी हे माणसाएवढे द्वारपाल उभे आहेत. पाशुपत या शैव पंथाचा आचार्य लकुलीश याच्या प्रतिमांवरून इथे त्या पंथाचा वावर होता हे कळते, आणि मृत्युंजयाच्या देवळातल्या मंडपातल्या खांबांवर जुन्या लिपीतले लहान लहान लेख आहेत. मला ती लिपी वाचता येत नाही. तरीही एका लेखाच्या खोलगट अक्षरांवरून बोट फिरवण्याचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्राकारात गेलो, तेव्हा उन्हाला अजून दोन तास अवकाश होता. फरशीवर, पायऱ्यांवर, नंदीच्या पाठीवर, सगळीकडे हळद सांडावी तशी पिवळी भुकटी पसरली होती. एक वृद्ध आमा ती केरसुणीने लोटत होत्या. “हा देवदाराचा फुलोरा,” त्या म्हणाल्या, “या दिवसांत रोज लोटायचा आणि रोज पडायचा.” पायाशी सुरवंटाएवढे वाळके तुरे पडले होते. मी एक उचलून तळहातावर झटकला, तर हात मनगटापर्यंत पिवळा झाला.

पुजारीजींना मी औंढ्याचे सांगितले. नामदेवांसाठी देऊळच फिरले ही कथा त्यांनी दोनदा सांगायला लावली आणि मग खरे ज्योतिर्लिंग कोणते या माझ्या प्रश्नाला बगल न देता म्हणाले, “आमच्यासाठी हेच. तुमच्या आईंसाठी तेच असणार.” एवढे बोलून त्यांनी अभिषेकाची तयारी सुरू केली आणि संकल्पात माझ्या गोत्राबरोबर औंढ्याचेही नाव घेतले. परगावच्या देवाला असा मान देणारी माणसे मला फार मोठी वाटतात.

संध्याकाळी घरमालकांकडे मडुव्याची भाकरी आणि काळ्या भटांची, म्हणजे काळ्या सोयाबीनची, चुडकाणी ही पातळ भाजी जेवताना विषय झाडांवर आला. आपली नाचणी ती इथला मडुवा, त्यामुळे पहिल्या घासापासून परकेपणा गेला. २०२४ साली आरतोल्यापासूनचा तीन किलोमीटरचा रस्ता रुंद करण्यासाठी सुमारे हजार देवदारांवर तोडीच्या खुणा झाल्या होत्या. गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि तोड थांबली. “दाज्यू (दादा), देऊळ म्हणजे फक्त दगड थोडेच?” घरातला तरुण मुलगा मला विचारत होता. भाविकांची सोय व्हायला हवी हे मलाही पटते, पण या खोऱ्यातला देवदार तोडून केलेली सोय मला कधीही नको आहे.

तिसऱ्या दिवशी जीपची वाट न पाहता मी आरतोल्यापर्यंत चालत निघालो. वाटेत दंडेश्वराच्या उंच देवळापाशी थांबलो. तिथे कुणीही नव्हते. बंद दाराच्या उंबऱ्यावर ती पिवळी भुकटी जशीच्या तशी पडून होती आणि तिच्यावर एका पाखराच्या पायांची नाजूक रांग उमटली होती. ती पुसू नये म्हणून मी खालच्या पायरीवरूनच नमस्कार केला.