गेमवर नीट भांडायला कुणीतरी या रे

पुण्यात नाटकाचा दुसरा अंक जरा सैल पडला तरी लोक भरत नाट्यच्या बाहेर अर्धा तास वाद घालतात, पण व्हिडिओ गेमबद्दल बोलायचं म्हटलं की विषय दोनच, डोळे आणि मार्क. आज कोथरूडला काकांकडे जेवायला गेलो तर तेच. काका वाचतात भरपूर, त्यामुळे गेम खेळणं हा आजारच आहे म्हणून थेट डब्ल्यूएचओच काढलं. म्हटलं अहो काका, आयसीडी-११ मधे, म्हणजे त्यांच्या आजारांच्या यादीत, गेमिंग डिसऑर्डर आहे, २०२२ पासून लागूही झालंय, पण खेळणारा प्रत्येक जण पेशंट असं नाहीये, ताबा सुटला, बाकी सगळं मागे पडलं, नुकसान दिसतंय तरी खेळणं चालूच आणि हे साधारण वर्षभर, तरच तो आजार. मग म्हणे ती रम्मीवाली पोरं? अरे देवा. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात सुद्धा पैसे लावून खेळायचे गेम वेगळे आणि ई-स्पोर्ट्स वेगळे धरलेत, आमच्या डायनिंग टेबलावर ते अजून पोचायचंय.

पण खरं सांगू, काकांपेक्षा मला आपल्या गेमर लोकांचाच जास्त राग येतो. ग्राफिक्स भारी, एफपीएस, म्हणजे सेकंदाला फ्रेम, किती मिळतो, सेलमधे कितीला घेतला, दहापैकी आठ, संपलं! आता 'पेपर्स, प्लीज' घ्या, २०१३ चा, ल्यूकस पोप या एकट्या माणसानं बनवलेला, दिसायला अगदी ओबडधोबड. तुम्ही सीमेवरच्या खिडकीत बसायचं, पासपोर्ट तपासायचे, शिक्का मारायचा, जितकी माणसं बरोबर निपटवाल तितका पगार आणि त्यातच घरच्यांचं भाडं, जेवण, हीटिंग. नवऱ्याला आत सोडलं, मागनं बायको आली, तिचे कागद अपुरे. सोडलं तर चूक नोंदली जाते, दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, पुढे दंड. म्हणजे माणुसकीचा पण कोटा! थोड्या वेळानं मी चेहऱ्यांकडे बघायचंच सोडलं, फक्त तारखा आणि शिक्के. खिडकीतला माणूस मान वर का करत नाही हे मला कुठल्या कथेनं एवढं नाही दाखवलं, कारण इथे न बघणारा मीच होतो ना.

समीक्षा याची व्हायला पाहिजे, नियम आपल्या हातून काय करून घेतात त्याची. रॉजर एबर्टसारखा सिनेसमीक्षक २०१० मधे लिहून गेला की व्हिडिओ गेम कधी कला होऊच शकत नाहीत, आणि काही महिन्यांनी स्वतःच म्हणाला की नीट अनुभव नसताना लिहायला नको होतं. निदान तेवढं तरी म्हणाला.

आणि 'राजी' तर पुण्यातच बनलाय, नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२०. सर्कशीतली पोरगी, असुरांनी पळवलेल्या भावाला शोधत निघते. त्याचं कौतुक होतं ते 'आपल्या पुण्याचा गेम' म्हणून, नाहीतर लोकांना पत्ताच नाही. महाल, भिंतींवरची चित्रं देखणीच आहेत, पण मारामारी मला ताठर वाटली आणि शेवट तर मधेच तोडल्यासारखा. दुर्गा आणि विष्णू मागनं गोष्ट सांगत राहतात ते मला आवडतं, मित्राला ते लेक्चर वाटतं, त्यावरनं मगाशी फोनवर चांगलंच वाजलं आमचं. तो म्हणतो पुण्याचा म्हणून तू ढील देतोयस. म्हटलं आधी हिंदी आवाज लावून परत खेळ, मग बोल.