नांदूरमध्यमेश्वर, दोन कॅमेरे आणि बाबांची चारशेची लेन्स

गेले तीन महिने आमच्या घरात एकच विषय चालू होता, मिररलेस कॅमेरा घ्यायचा तर कॅनन ईओएस आर७ की सोनी अल्फा ६७००. युट्यूबवर या दोघांची तुलना करणारे जेवढे व्हिडिओ सापडले तेवढे सगळे बघून झाले आणि प्रत्येक व्हिडिओनंतर माझं मत बदलायचं, सकाळी सोनी तर रात्री कॅनन. शेवटी नवरा म्हणाला, अगं पक्ष्यांसाठीच घेतेयस ना, मग दोन्ही घेऊन एकदा नांदूरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन ये, इथे सोफ्यावर बसून काय कळणार. ते पटलं. ऑफिसमधल्या मित्राकडे आर७ होता, तो आरएफ १००-४०० लेन्ससकट द्यायला तयार झाला, आणि सोनी मी ७०-३५० लेन्सबरोबर दोन दिवस भाड्याने आणला.

शनिवारी संध्याकाळी दोन्ही घेऊन आधी गोदाघाटावर गेले. रामकुंडावर आरतीची गर्दी, पाण्यात सोडलेले दिवे. सोनीची बॉडी एवढी छोटी की कोणी ढुंकून बघत नाही, दिवा सोडणाऱ्या आजींचे फोटो मोकळेपणाने काढता आले. फक्त फिरायचं, घाट-गल्ल्या-मंदिरं, ब्रह्मगिरी चढायचा असं असतं तर विषय तिथेच संपला असता आणि हे पुढचं लिहायची गरजच पडली नसती.

रविवारी पहाटे पाचला निघालो, मी आणि बाबा. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. पक्ष्यांचं वेड मला त्यांनीच लावलं, लहानपणी लूनावर पुढे उभं करून गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला न्यायचे आणि हातात दुर्बीण द्यायचे. पण चार वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो आणि तेव्हापासून त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला तो ठेवलाच. बरोबर यायला मात्र कधी नाही म्हणत नाहीत.

संभाजीनगर रोडला चांदोरीच्या आसपास गाडीची काच खाली केली तर थंडी अशी आत आली की डोळ्यांतून पाणी. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांमध्ये असतो तो उगाच नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि मधेमधे बागेत पेटवलेल्या शेकोट्या, घडांना थंडी लागून मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्रभर जागून धूर करतात. बाबा म्हणाले, "आपण हौसेने उठलो, हे बिचारे झोपलेच नाहीत." मग खाणगाव थडीपर्यंत कोणी फारसं बोललं नाही.

नांदूरमध्यमेश्वरला गेला नसाल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोदावरी आणि कादवा या दोन नद्यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, मग वर्षानुवर्षं त्यामागे गाळ साचत गेला आणि त्यातून बेटं, उथळ पाणी, पाणकणसाची बेटंच्या बेटं तयार झाली. माणसाच्या हिशेबात धरण गाळाने भरणं म्हणजे नुकसान, पण पक्ष्यांना त्यातूनच घर मिळालं. जानेवारी २०२० मध्ये याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा जाहीर झाला, महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा ती हीच. आम्हा नाशिककरांना याचा जेवढा अभिमान वाटायला हवा तेवढा वाटत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, पाहुणे आले की आपण पंचवटी, त्र्यंबक आणि मिसळ दाखवतो आणि गाडी परत.

पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं, नुसते आवाज येत होते. मनोऱ्यावर चढलो, गाईडदादांनी दुर्बीण लावली. धुक्यातून आधी दिसले ते वारकरी पक्षी, काळे अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, शेकड्यांनी. मग चक्रवाकांची जोडी, त्यांचा तो लांबून येणारा ओरडण्याचा आवाज ऐकला की मला हिवाळा सुरू झाल्यासारखा वाटतो.

आता कॅमेऱ्याचं. तेवढ्या अंधुक उजेडात पहिला फरक कळला तो बॉडीचा नव्हताच, लेन्सचा होता. कॅननची १००-४०० लेन्स पूर्ण लांब केली की एफ ८ वर जाते, सोनीची ७०-३५० शेवटच्या टोकाला एफ ६.३ देते (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). एकाच बगळ्यावर, एक हजारांश सेकंदाच्या शटरला कॅनन आयएसओ ६४०० मागत होता आणि सोनी ४००० वर भागवत होता (आयएसओ जितका जास्त तितका फोटो दाणेदार). कागदावर हा फरक किरकोळ वाटतो पण पिसांचे बारीक तपशील याच फरकात टिकतात किंवा विरघळतात. उलट पोच कॅननची जास्त. सेन्सर लहान असल्याने ४०० ला १.६ चा क्रॉप म्हणजे ६४० मिलीमीटरसारखं दिसतं, सोनीचं ३५० ला १.५ धरून ५२५, वर कॅननचे साडेबत्तीस मेगापिक्सेल आणि सोनीचे सव्वीस. इथे पक्षी लांब असतात, बेटावर बसलेला मोर शराटी सोनीत चण्याएवढा आणि कॅननमध्ये शेंगदाण्याएवढा असं समजा.

फोकसमध्ये सोनी मला जास्त आवडला. जांभळी पाणकोंबडी पाणकणसाच्या आत-बाहेर करत होती, सोनीने तिचा डोळा एकदा पकडला की मधे चार पाती आली तरी सोडत नव्हता. कॅननसुद्धा डोळा ओळखतो, पटकन ओळखतो, पण दाट गवतात मधेच पुढच्या पात्यावर उडी मारायचा आणि मग जॉयस्टिकने त्याला परत आणावं लागायचं. पण ती जॉयस्टिक आहे ना, ते महत्त्वाचं. सोनीला ती नाहीच, आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांनी स्क्रीनवर फोकस पॉइंट सरकवणं म्हणजे कठीण काम.

वजनाबद्दल मी सगळ्यात जास्त वाचलं होतं आणि तिथेच माझा अंदाज चुकला. आर७ बॅटरी-कार्डासकट ६१२ ग्रॅम, ६७०० आहे ४९३. मोठा फरक ना? पण लेन्सा दोन्ही सव्वासहाशेच्या आसपास, म्हणजे हातात एकूण अकराशे विरुद्ध साडेबाराशे. आणि लांब लेन्स लावल्यावर सोनीची छोटी ग्रिप करंगळीला जागाच देत नाही, तासाभराने मनगट भरून आलं. जड असलेला कॅनन उलट हलका वाटत होता कारण चारही बोटं नीट बसत होती.

साडेआठच्या सुमारास धुकं उठलं आणि बंधाऱ्याच्या बाजूला कवड्या धीवर आला. हा पक्षी पाण्यावर एका जागी हवेत फडफडत थांबतो आणि मग दगड टाकावा तसा सरळ खाली. आर७ मध्ये एक सोय आहे, रॉ बर्स्टमध्ये बटण दाबायच्या आधीचा अर्धा सेकंदसुद्धा तो साठवून ठेवतो, सेकंदाला तीस फ्रेम. धीवर खुंटावरून उडाला, मला कळून बोट दाबेपर्यंत तो गेलेला, तरी उडतानाची फ्रेम मिळाली! सोनीत ही सोय नाही. पण झूम करून बघितलं तर पंख केळीच्या पानासारखे वाकडे आलेले. हे इलेक्ट्रॉनिक शटरमुळे होतं, सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, आर७ चा सेन्सर त्यात सावकाश आहे आणि तेवढ्या वेळात पंख पुढे गेलेला असतो. मेकॅनिकल शटरवर टाकला की पंख सरळ येतात, सेकंदाला पंधरा फ्रेम मिळतात, सोनीला अकरा, पण मग आधीचा अर्धा सेकंद विसरायचा. शिवाय आवाज खट्‌खट् मोठा. बसलेल्या पक्ष्याला इलेक्ट्रॉनिक, उडणाऱ्याला मेकॅनिकल असं मनाशी ठरवून टाकलं.

म्हणजे नऊ वाजेपर्यंत हिशेब बरोबरीत होता, खरं सांगायचं तर थोडा सोनीकडेच झुकलेला.

तेवढ्यात बाबांनी त्यांची कापडी पिशवी उघडली. मला वाटलं थर्मास काढतायत. जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेली त्यांची कॅननची ४०० एफ ५.६ लेन्स निघाली, ती पांढरट, पुढे लाल रिंग असलेली, रिटायरमेंटच्या आधी दोन दिवाळ्यांचे बोनस साठवून सेकंडहँड घेतलेली. मला न सांगता कपाटातून काढून आणली होती. म्हणाले, "तुझ्या मित्राने पिशवीत ते ॲडाप्टर दिलंय ना, बघू बसते का." मित्राने जुन्या लेन्सांसाठी घेतलेलं ॲडाप्टर खरंच बॅगेत होतं, माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

या लेन्सचं हूड तिच्याच अंगावर असतं, पुढे ओढायचं आणि थोडं फिरवलं की घट्ट बसतं. बाबांनी ते ओढलं, फिरवलं, बाजूचं बटण साडेआठ मीटरच्या पुढे फोकस राहील असं सरकवलं, हे सगळं न बघता, आणि हात थरथरत असूनसुद्धा एकही हालचाल चुकली नाही. या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन अजिबात नाही. त्यांच्या जुन्या कॅनन ७डी कॅमेऱ्यातही नव्हतं, म्हणून तर हात थरथरायला लागल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये पक्षी नाचायला लागला आणि त्यांनी नाद सोडला. आर७ मध्ये मात्र स्टॅबिलायझेशन बॉडीत आहे, सेन्सरच हलून हाताचा कंप सावरतो, त्यामुळे लेन्स कितीही जुनी असली तरी चालतं.

मनोऱ्याच्या कठड्यावर कोपर टेकून त्यांनी डोळा लावला, बटण अर्धं दाबलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांबलाय गं."

समोर शेकाट्या होता, गुलाबी काड्यांसारखे पाय, पाण्यात त्याचंच प्रतिबिंब. बाबांनी सतरा फोटो काढले. लॅपटॉपवर बघितले त्यातले सहा हलले होते, अकरा स्वच्छ होते, डोळ्यातली लाल कडा दिसते इतके स्वच्छ. हे नीट सांगायला हवं की बॉडीतलं स्टॅबिलायझेशन एवढ्या लांब लेन्सला लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनइतकं काम करत नाही, आणि पक्षीच उडत असेल तर त्याचा काही उपयोग नाही, तिथे १/२००० सेकंदाचं शटर लागतंच. पण ही लेन्स एफ ५.६ ची, म्हणजे मित्राच्या १००-४०० पेक्षा पूर्ण एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड, सकाळच्या धुक्यात ६४०० च्या जागी ३२०० वर काम झालं असतं. मग कॅननची जी बाजू मला लंगडी वाटत होती ती घरच्याच लेन्सने भरून निघाली. सोनीलाही कॅननच्या लेन्सा लावायचे ॲडाप्टर मिळतात, मी ते वाचलंय, पण दुसऱ्या कंपनीच्या ॲडाप्टरवर उडत्या पक्ष्यांचा फोकस स्वतःच्या लेन्ससारखा भरवशाचा नसतो.

परतताना चांदोरीत थांबून गरम भजी आणि चहा घेतला. बाबा कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर तोच शेकाट्या परत परत मोठा करून बघत होते आणि टपरीवाल्या काकांनापण दाखवला, "हा सायबेरियातून येतो का हो?" असं त्यांनी विचारल्यावर पाच मिनिटं स्थलांतरावर सविस्तर माहिती दिली. एवढं बोलताना मी त्यांना बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

सोनी संध्याकाळी परत केला. तो वाईट कॅमेरा नाही, उलट ज्याच्याकडे आधीचं काही सामान नाही, ज्याला व्हिडिओ, फिरणं आणि अधूनमधून पक्षी असं सगळं करायचंय त्याला मी तोच सांगेन, सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्सापण त्याला भरपूर मिळतात. मी आर७ ची फक्त बॉडी आणि ॲडाप्टर बुक केलंय, नवी लेन्स आत्ता नाही. बाबांच्या जुन्या एलपी-ई६ बॅटऱ्यासुद्धा त्यात चालतात, त्यातल्या दोन अजून जीव धरून आहेत. लेन्सच्या मागच्या काचेला कडेला बुरशीचा एक बारीक ठिपका आलाय, नाशिकच्या चार पावसाळ्यांचा प्रसाद, तो साफ करायला द्यायचाय. आणि कपाटातली सिलिका जेलची पाकिटं बाबांनी कालच बदलली, मी न सांगता.