सेंट जेम्स पार्क वाढवावे, पण आसनाचा करार आधी लिहून घ्यावा

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये शिकत असताना मला तिथल्या न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल क्लबच्या मैदानाचे, म्हणजे सेंट जेम्स पार्कचे, पहिले तिकीट मिळाले ते लीझेस बाजूच्या अगदी वरच्या स्तरावरचे होते. एकामागून एक जिने चढताना धाप लागली. वर पोहोचून खाली पाहिले तेव्हा मैदान इतके खोलवर दिसले की खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे वाचता येईनात. दहाएक मिनिटांनी मात्र वेगळेच काही दिसू लागले. आमची बचावफळी एकाच दोरीला बांधल्यासारखी पुढे-मागे सरकत होती आणि चेंडू एका बाजूला गेला की दुसऱ्या बाजूचा खेळाडू न सांगता आत येत होता. टीव्हीच्या पडद्यावर हे कधीच पुरते दिसत नाही. शेजारच्या खुर्चीत सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ होते. मध्यंतरात त्यांनी उजवीकडच्या मिलबर्न स्टँडच्या मध्यभागाकडे बोट दाखवले आणि सांगितले की त्यांची खरी जागा तिथे होती. मला वाटले, त्यांनी ती हौसेने सोडली असेल. तसे नव्हते.

क्लबने स्टेडियम वाढवावे की नाही, हा वाद आम्हा न्यूकॅसलच्या चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षे चालू आहे आणि २०२१ साली मालकी बदलल्यापासून त्याला चांगलीच धार आली आहे. मार्च २०२५ मध्ये वेम्बलीवर लिव्हरपूलला २-१ असे हरवून आम्ही लीग कप जिंकला. १९५५ नंतर देशांतर्गत मोठा चषक प्रथमच आमच्याकडे आला, आणि त्या दिवसापासून तिकीट मागणाऱ्यांची संख्या कमी होण्याची आशा कोणी धरलेली नाही. मैदानाची क्षमता सुमारे ५२ हजार आहे. त्यातली बहुतेक आसने सीझन तिकीटधारकांकडे, म्हणजे संपूर्ण हंगामाचे तिकीट घेतलेल्यांकडे, असल्यामुळे उरलेल्या थोड्या तिकिटांसाठी सभासदांमध्ये सोडत काढली जाते. ज्याचा बाप, आजा या मैदानावर उभा राहून सामने पाहत आला, त्याच्या मुलीला एका सामन्याचे तिकीट मिळवण्यासाठी नशिबावर विसंबावे लागावे, ही गोष्ट मला मनापासून खटकते. म्हणून वाढवावे की नाही या प्रश्नाला माझे उत्तर ‘वाढवावे’ असेच आहे. माझा आग्रह त्यापुढच्या एका अटीबद्दल आहे.

आधी जागेचा विचार करू, कारण हे मैदान वाढवणे म्हणजे मोकळ्या माळावर बांधकाम करणे नव्हे. पूर्वेकडच्या स्टँडला लागून लीझेस टेरेस ही १८३० च्या सुमाराची दगडी इमारतींची देखणी रांग उभी आहे. तिला पहिल्या श्रेणीच्या वारशाचे संरक्षण आहे. तो स्टँड उंच केला तर त्या घरांचा उजेड जाईल, म्हणून तो ठेंगणाच राहिला आणि समोरचा मिलबर्न व त्याला लागून असलेला लीझेस स्टँड आभाळाला भिडले. आमचे मैदान एका बाजूला झुकल्यासारखे दिसते ते याच कारणाने. दक्षिणेकडच्या गॅलोगेट बाजूला वाढीस वाव आहे, पण तिथे रस्ता आणि भुयारी मेट्रोचे स्थानक आडवे येते. त्या बाजूच्या स्ट्रॉबेरी प्लेसच्या जमिनीवरचा हक्क आधीच्या मालकीच्या काळात हातचा गेला होता, तो २०२३ साली क्लबने परत मिळवला. शिवाय स्टँड उंच करण्यालाही मर्यादा असते. मागच्या रांगेतल्या माणसाला पुढच्याच्या डोक्यावरून जवळची कडा दिसायला हवी असेल, तर रांगा जितक्या वर जातील तितका उतार तीव्र करावा लागतो, आणि साधारण ३५ अंशांच्या पुढे तो माणसांना चढण्या-उतरण्यासाठी सुरक्षित राहत नाही. त्यामुळे ‘आणखी एक मजला चढवा’ असे सहज म्हणणाऱ्या मित्रांना मी नेहमी विचारतो, ‘अरे, कोणत्या बाजूला आणि किती उतारावर, ते तर सांगा.’

दुसरा गट म्हणतो की एवढी ओढाताण करण्यापेक्षा नवेच स्टेडियम बांधावे, आणि तेही शक्यतो शेजारच्या लीझेस पार्क किंवा कॅसल लीझेसच्या हिरवळीवर. हा विचार नवा नाही. १९९० च्या दशकात क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष सर जॉन हॉल यांच्या कारकिर्दीत कॅसल लीझेसवर नवे स्टेडियम उभारण्याची योजना पुढे आली होती. शहराच्या मधोमध असलेल्या त्या मोकळ्या कुरणांवर आजही गाई चरतात आणि त्यांवर शहराच्या ‘फ्रीमेन’ मंडळींचे, म्हणजे परंपरेने विशेष नागरी हक्क असलेल्यांचे, जुने चराऊ हक्क आहेत. लोकांनी योजनेला कडाडून विरोध केला, ती बारगळली आणि त्याऐवजी आहे तेच मैदान वाढवले गेले. विरोध करणाऱ्यांत आमचेच कितीतरी चाहते होते. लीझेस पार्क १८७३ साली खुले झाले आणि ते शहरातले पहिले सार्वजनिक उद्यान आहे. सामन्याआधी तिथल्या तळ्याकाठी बापलेकांच्या जोड्या काळे-पांढरे पट्टे घालून चालताना मी पाहिल्या आहेत, आणि तो रस्ता बुजवून मिळालेले आसन मला नको आहे.

नव्या जागी गेलेल्यांची उदाहरणे दोन्ही बाजूंनी देता येतात. लंडनच्या आर्सेनल क्लबने २००६ साली ३८ हजारांचे हायबरी सोडून ६० हजारांचे एमिरेट्स गाठले. त्या कर्जाच्या वर्षांत त्यांना मोठे खेळाडू विकावे लागले आणि २००५ नंतरचा पुढचा चषक २०१४ साली मिळाला. तरीही उत्पन्नाच्या दृष्टीने तो निर्णय चुकला असे आज क्वचितच कोणी म्हणेल. लंडनच्याच वेस्ट हॅमने २०१६ मध्ये अप्टन पार्क सोडून ऑलिंपिकसाठी बांधलेले स्टेडियम घेतले. आसने वाढली, पण धावपट्टीसाठी आखलेल्या त्या वाडग्यात प्रेक्षक गोलपासून दूर गेले, आणि हे दुखणे तिथले लोक अजून बोलून दाखवतात. इटलीच्या युव्हेंटसने उलटी वाट धरली. डेले आल्पी या जुन्या मैदानाच्या सुमारे ६९ हजार आसनांपैकी कितीतरी रिकामी राहत, म्हणून त्याच जागेवर २०११ मध्ये सुमारे ४१ हजारांचे आटोपशीर स्टेडियम त्यांनी बांधले, आणि ते भरू लागले.

रिकाम्या आसनांची भीती आमच्या भागाला चांगली ठाऊक आहे. आमच्या दक्षिणेला असलेल्या डार्लिंग्टन या छोट्या क्लबने २००३ साली २५ हजारांचे स्टेडियम बांधले. पहिल्या सामन्याला सुमारे ११,६०० लोक आले. तो आकडा पुन्हा कधी गाठता आला नाही, आणि एरवी येणारे दोन-एक हजार लोक त्या प्रचंड रिंगणात हरवून जात. काही महिन्यांतच क्लब आर्थिक अडचणीमुळे प्रशासकांच्या ताब्यात गेला आणि २०१२ मध्ये ते मैदान कायमचे सुटले. विस्ताराला विरोध करणारे हे उदाहरण नेहमी पुढे करतात. मला ते आम्हाला लागू पडते असे वाटत नाही. आम्ही २०१६ साली दुसऱ्या श्रेणीत घसरलो, आणि त्या हंगामात आमच्या मैदानावर सरासरी ५१ हजारांहून अधिक लोक आले. पडत्या काळात जो क्लब ५१ हजार माणसे जमवतो, त्याला आणखी दहा हजार आसने भरण्याची चिंता करायचे कारण नाही. शेजारच्या सन्डरलंडचे, आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचे, नाव घेणे आमच्याकडे जड जाते, तरी न्यायाने सांगायला हवे की ४९ हजारांच्या मैदानावर, तिसऱ्या श्रेणीत असतानाही, त्यांनी सरासरी तीस हजारांवर लोक आणले. या भागात फुटबॉलची ओढ निकालांवर टांगलेली नाही.

पैशाचा मुद्दा थोडक्यात उरकतो. प्रीमियर लीगमध्ये गेली अनेक वर्षे क्लबला तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांपर्यंतच तोटा दाखवण्याची मुभा होती, आणि मालक कितीही श्रीमंत असला तरी संघावरचा खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात ठेवावा लागे. स्टेडियमवरचा खर्च मात्र त्या तोट्यात धरला जात नसे. साहजिकच मैदान वाढवणे हा उत्पन्न वाढवण्याचा सरळ मार्ग ठरला.

माझी काळजी नेमकी इथून सुरू होते. उत्पन्नासाठी वाढवलेल्या मैदानात सर्वांत जास्त उत्पन्न देणारे आसन साध्या चाहत्याचे नसते. मऊ खुर्च्या, जेवणाची सोय आणि काचेच्या खोल्या असलेली काही हजार आसने इतर दहा-वीस हजार आसनांइतकी कमाई करू शकतात, आणि ती आसने मध्यरेषेच्या जवळ, सर्वांत चांगल्या जागी हवी असतात. त्या चांगल्या जागी आधीपासून कोणीतरी बसलेले असते.

माझ्या शेजारच्या गृहस्थांची गोष्ट हीच होती. १९९० च्या दशकात मैदान साडेछत्तीस हजारांचे असताना क्लबने सीझन तिकीटधारकांना ५०० पौंडांचे रोखे विकले, आणि घेणाऱ्यांची समजूत अशी झाली की दहा वर्षे आपले आसन आपलेच राहणार. दशक संपता संपता क्षमता ५२ हजारांवर नेण्याचे काम निघाले, तेव्हा मिलबर्न बाजूच्या मोक्याच्या जागा महागड्या आसनांसाठी हव्या झाल्या आणि तिथल्या लोकांना दुसरीकडे जाण्यास सांगण्यात आले. ‘सेव्ह अवर सीट्स’ या नावाने चळवळ उभी राहिली. काही रोखेधारक न्यायालयात गेले आणि प्रकरण २००० साली अपील न्यायालयापर्यंत पोहोचले. चाहते हरले. करारातल्या बारीक अक्षरांतल्या अटी क्लबला आसन बदलण्याची मुभा देत होत्या, असे ठरले. मैदान वाढले, पंधरा हजारांहून अधिक नव्या लोकांना जागा मिळाली आणि त्याच कामात जुन्यांपैकी अनेकांना आपली जागा सोडावी लागली.

हे ऐकले तेव्हा मी विस्ताराच्या विरोधातच जायला निघालो होतो. मात्र त्या गृहस्थांचे मत तसे नव्हते. ज्या आसनावर बसून मी त्यांच्याशी बोलत होतो ते त्याच विस्तारातून तयार झाले होते, हे त्यांनीच मला शांतपणे दाखवून दिले. विस्ताराला त्यांचा कधीच विरोध नव्हता. आसन आपले आहे असे मानून आपण जो कागद घेतला तो नीट वाचला नाही, याचे त्यांना वाईट वाटत होते.

चाहते एकत्र आले तर काही घडतच नाही असेही नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या अॅनफील्ड मैदानावरच्या वाढणाऱ्या मेन स्टँडसाठी ७७ पौंडांपर्यंतचे तिकीट जाहीर झाले, तेव्हा सन्डरलंडविरुद्धच्या सामन्यात लिव्हरपूलचे हजारो प्रेक्षक बरोबर ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर गेले. त्या वेळी संघ २-० असा पुढे होता, सामना २-२ असा सुटला आणि काही दिवसांतच मालकांनी तो दर मागे घेतला. तो स्टँड पुढे उभा राहिलाच. जुना स्टँड वापरात ठेवून त्याच्या मागे नवा उभारण्यात आला, त्यामुळे संघाला घर सोडावे लागले नाही. विस्तार कसा करावा याचा तो चांगला नमुना आहे. दुसरा नमुना जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा. ८१ हजारांच्या त्या मैदानाचा प्राण म्हणजे दक्षिणेकडची सुमारे २५ हजार उभ्या प्रेक्षकांची बाजू, आणि तीच तिथली सर्वांत स्वस्त बाजू आहे. इंग्लंडमध्ये १९८९ साली हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर वरच्या श्रेणींत सर्वांनी बसूनच पाहायचा नियम आला आणि कठडे लावलेल्या सुरक्षित उभ्या जागांना २०२२ पासून पुन्हा परवानगी मिळाली. तिथेही एका माणसामागे एक खुर्ची ठेवावी लागते, म्हणून डॉर्टमुंडइतकी गर्दी आम्हाला बसवता येणार नाही. पण गोलमागची अखंड बाजू स्वस्त ठेवण्याला नियम आडवा येत नाही.

म्हणून माझे मागणे असे आहे. मैदान सोडू नये, उद्यानाला हात लावू नये आणि गॅलोगेट बाजू वाढवावी, मग त्यासाठी मेट्रोच्या डोक्यावरून महागडे बांधकाम करावे लागले तरी चालेल. नव्या आसनांपैकी किती आसने साध्या दरात राहणार आणि किती वर्षे राहणार, हा आकडा कामाला सुरुवात होण्याआधी सीझन तिकिटाच्या करारातच छापावा. जुन्या तिकीटधारकाला हलवायचे झाले तर त्याच स्तरावर, त्याच दरात जागा देण्याची अट बारीक अक्षरांत नव्हे तर पहिल्या पानावर असावी. जाहीर सभेतल्या आश्वासनाची किंमत न्यायालयात काय होते ते आम्ही एकदा पाहिले आहे. चाहत्यांच्या प्रतिनिधींनी सल्लामसलतीच्या बैठकीला जाताना रंगीत आराखड्यांच्या आधी कराराचा मसुदा मागावा, एवढे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत असतो.

त्या दिवशी सामना संपल्यावर जिने उतरताना मी त्या गृहस्थांना विचारले की त्यांनी तो रोख्याचा कागद फेकून दिला का. त्यांनी तो जपून ठेवला होता आणि त्यावरचा आसनाचा क्रमांक त्यांना अजून तोंडपाठ होता. रांग आणि खुर्ची, दोन्ही आकडे त्यांनी मला एका दमात सांगितले.